स्टेअरिंगवरची झोप आणि अ‍ॅडेनोसिन

"रात्रीच निघू, रस्ता मोकळा मिळतो." सोलापुरात प्रवासाचा बेत ठरताना हे वाक्य येतंच. पुण्यात नोकरी करणारी मुलं शुक्रवारी ऑफिस सुटलं की दोन घास खाऊन निघतात आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर घरी पोहोचतात. पाहुणे आले की पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर एकाच फेरीत उरकायचं म्हणून पहाटे ३ वाजता गाडी दारात उभी राहते. गर्दी नाही, ऊन नाही, सिग्नल नाहीत, हे सगळं खरं आहे. पण गाडी चालवणाऱ्याच्या मेंदूत त्या वेळी काय चाललेलं असतं, ते या हिशेबात कुणी धरत नाही.

दारू पिऊन गाडी चालवू नये, हे निदान तोंडाने तरी आता सगळे मान्य करतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. झोपेसाठी अशी रेषा नाही. फुंकर मारून किती झोप चढलीय ते सांगणारं यंत्र पोलिसांकडे नसतं. उलट "कुठं थांबलाच नाही, डायरेक्ट घर गाठलं" असं कौतुकाने सांगितलं जातं. मला हे कौतुकच फार घातक वाटतं.

ऑस्ट्रेलियातले संशोधक ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काही जणांना एकदा जागं ठेवलं आणि एकदा मोजून दारू दिली, आणि दोन्ही वेळा हात आणि डोळे यांचा मेळ तपासणारी तीच चाचणी घेतली. सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना जितकी खालावते तितकी खालावली होती. २४ तासांनंतर ती ०.१० टक्क्यांच्या बरोबरीला गेली. आपल्या कायद्याची ३० मिलिग्रॅमची मर्यादा म्हणजे ०.०३ टक्के. आता शुक्रवारचं गणित मांडा. सकाळी ६ ला उठलेला मुलगा रात्री ९ ला पुण्याहून निघतो. ११ वाजता, भिगवण-इंदापूरच्या आसपास, त्याचे १७ तास भरतात. निम्मा रस्ता अजून बाकी असतो. थेंबभरही न पिता तो अशा अवस्थेत असतो, जी दारूमुळे आली असती तर त्याला गाडीतून खाली उतरवलं गेलं असतं.

हे होतं कशामुळे? इथे जो रेणू येतो त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही.

पेशी ऊर्जेसाठी एटीपी वापरतात, हे शाळेत शिकलेलं आठवत असेल. एटीपी म्हणजे अ‍ॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट. अ‍ॅडेनोसिनच्या रेणूला फॉस्फेटचे तीन गट जोडलेले असतात, ते एकेक करून तुटताना ऊर्जा मिळते आणि तिन्ही सुटले की उरतं ते नुसतं अ‍ॅडेनोसिन. जागेपणी मेंदूच्या पेशी सतत काम करत असतात, त्यामुळे त्यांच्या भोवतीच्या द्रवात हे अ‍ॅडेनोसिन तासागणिक साठत जातं. मांजरांना नेहमीपेक्षा जास्त वेळ जागं ठेवून तारजा पोर्का-हेस्कानेन आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या पुढच्या भागात, म्हणजे बेसल फोरब्रेनमध्ये, ते वाढताना प्रत्यक्ष मोजलं. वर्ष तेच, १९९७. मांजरं झोपल्यावर ते पुन्हा कमी झालं. दिवसभर केलेल्या कामाचा रासायनिक हिशेब मेंदू असा स्वतःजवळच ठेवतो, ही गोष्ट मला दर वेळी नव्याने थक्क करते.

साठलेलं अ‍ॅडेनोसिन पेशींच्या पृष्ठभागावरच्या ग्राहींना, म्हणजे रासायनिक संदेश टिपणाऱ्या जागांना, जाऊन चिकटतं. यातल्या दोन ग्राही महत्त्वाच्या. ए१ या ग्राहीमुळे जागं ठेवणाऱ्या चेतापेशी मंदावतात. ए२ए या ग्राहीमुळे झोप आणणाऱ्या यंत्रणेला चालना मिळते. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा आकार अ‍ॅडेनोसिनशी इतका मिळताजुळता असतो की ते याच ग्राहींवर जागा अडवून बसतं, पण पुढचा संदेश काही देत नाही. अ‍ॅडेनोसिन मात्र तिथेच असतं, कमी झालेलं नसतं. कॅफिनचा अंमल ओसरला की साठून राहिलेलं सगळं एकदम लागू होतं. चहाने झोप टळते, फिटत नाही. ती फिटते फक्त झोपूनच.

यात दुसरा एक दोर असतो तो शरीराच्या घड्याळाचा. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर सुमारे २०,००० चेतापेशींचा एक पुंजका आहे, तो अंदाजे २४ तासांचा ताल धरून असतो. जागरणाचा दाब आणि घड्याळाचा ताल मिळून झोप ठरवतात, ही मांडणी झुरिकच्या अलेक्झांडर बोरबेली यांनी १९८२ मध्ये केली. संध्याकाळी अ‍ॅडेनोसिन भरपूर साठलेलं असूनही आपण ताजेतवाने असतो, कारण त्या वेळी घड्याळ जागेपणाच्या बाजूने जोर लावत असतं. पहाटे २ ते ६ च्या दरम्यान तो जोर पार ओसरतो. साठा भरलेला आणि आधार गेलेला, अशी ती वेळ असते. दुपारी २ ते ४ मध्येही एक लहानशी घसरण येते. आपण तिचा दोष भाकरी आणि शेंगाचटणीला देतो, पण न जेवणाऱ्यांनाही ती जाणवते. जेवणाने तिच्यात भर पडते, इतकंच.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. झोप हळूहळू वाढत येते असं आपल्याला वाटतं आणि म्हणून "फार वाटलं तर थांबू" असं आपण ठरवतो. झोपेचा दाब हळूहळू वाढतो, हे बरोबर. पण जागेपणातून झोपेत जाणं एकदम घडतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात झोप आणणाऱ्या पेशींचा एक गट आहे आणि जागं ठेवणाऱ्या पेशींचे गट वेगळे आहेत. दोघंही एकमेकांना दाबून ठेवतात. जागेपणाची बाजू वरचढ असेपर्यंत ती झोपेच्या बाजूला डोकं वर काढू देत नाही. दाब वाढत वाढत एका क्षणी झोपेची बाजू जराशी वरचढ झाली, की ती दुसरीला दाबते, त्यामुळे झोपेच्या बाजूवरचा दाब कमी होतो, त्यामुळे ती अजून जोरात दाबते, आणि पलटी पूर्ण होते. भिंतीवरचं दिव्याचं बटण जसं मध्ये कुठे टिकत नाही, इकडे तरी असतं नाहीतर तिकडे, तसं हे आहे. क्लिफर्ड सेपर यांनी मांडलेल्या या रचनेचा फायदा असा की प्राणी अर्धवट पेंगत फिरत नाहीत. गाडी चालवताना तोच फायदा जिवावर बेततो. दाब फार वाढलेला असेल तर बटण दोन-चार सेकंदांसाठी पडतं आणि परत वर येतं. याला सूक्ष्मझोप म्हणतात. बऱ्याचदा डोळे उघडेच असतात आणि ती येऊन गेल्याचं माणसाला कळतही नाही.

ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. चार सेकंदांत जवळजवळ ९० मीटर गाडी चालकाविना गेली. टेंभुर्णी ओलांडली की सोलापूरपर्यंत रस्ता बराचसा सरळ आणि सपाट आहे. डोळ्यांना नवं काही मिळत नाही, हातांना काम नाही, आणि मेंदूला याहून सोयीचं निमित्त नको असतं. त्यात गाळपाचा हंगाम सुरू असला की मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर अशी उसाची ट्रॉली डाव्या लेनमधून ताशी २० च्या वेगाने चाललेली असते. दोघांच्या वेगातला फरक ताशी ६० चा, म्हणजे चार सेकंदांत ६७ मीटर अंतर संपतं. लो बीमच्या उजेडात अशी अंधारी ट्रॉली दिसते तेव्हा हातात त्याहून फारसं अंतर नसतंच.

प्रत्येक रस्त्यावर एखादं वळण 'बाधलेलं' असतं. तिथे पांढऱ्या साडीतली बाई आडवी येते, म्हणून कुणी नारळ फोडतं, कुणी गाडीला लिंबू-मिरची बांधतं. झोपेच्या उंबरठ्यावर स्वप्नातली चित्रं जागेपणात घुसतात, आणि समोर नसलेला माणूस किंवा जनावर स्पष्ट दिसतं, हे वैद्यकशास्त्राला नीट ठाऊक आहे. ज्याने पहाटे ४ वाजता ती बाई पाहिली तो खोटं बोलत नसतो. त्याला जे दिसलं तो त्याच्या मेंदूने दिलेला शेवटचा इशारा होता. लिंबू-मिरचीने अ‍ॅडेनोसिनचा एक रेणूही कमी होत नाही. आणि बाधेच्या गोष्टीमुळे खरं कारण झाकलं जातं, म्हणून मला ही अंधश्रद्धा निरुपद्रवी वाटत नाही.

हल्ली कानामागे अडकवायचं एक यंत्र विकलं जातं, मान झुकली की ते वाजतं. पण सूक्ष्मझोपेत मान झुकेलच असं नाही, आणि झुकली तर मधली सेकंदं आधीच गेलेली असतात. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं, तंबाखू मळणं, हे सगळं चार-दहा मिनिटांचं. ब्रिटनमधल्या लफबरो विद्यापीठात जिम हॉर्न आणि लुईस रेनर यांनी गार हवा आणि रेडिओ दोन्ही तपासून पाहिले. परिणाम नाममात्र आणि अल्पकाळ टिकणारा निघाला.

सर्दीच्या जुन्या गोळ्यांचाही उल्लेख करायला हवा. त्या मेंदूतल्या हिस्टामिनला अडवतात, आणि हिस्टामिन हा जागेपणाच्या बाजूचाच गडी. संध्याकाळी गोळी घेतली असेल तर स्टेअरिंग दुसऱ्याकडे द्यावं. दारूचं तर दुहेरी आहे. ती पेशींबाहेरचं अ‍ॅडेनोसिन वाढवते, म्हणून दमलेल्या माणसाने घेतलेला 'फक्त एक पेग' ताज्या माणसाच्या एका पेगइतका राहत नाही. झोप घालवायला म्हणून फोन लावून बोलत बसणारेही असतात. हातात फोन धरला तर कलम १८४ लागतं, पण ब्लूटूथवर बोललं तरी लक्ष वाटलं जातंच. डोळे रस्त्यावर असतात, आणि समोरचं दिसूनही नोंदलं जात नाही.

या सगळ्यातला नैतिक प्रश्न मला असा दिसतो. झोप आधी निर्णयशक्तीला पोखरते, हात-पाय नंतर. झोप येतेय हे चालकाला बहुधा कळत असतं, पण आता डोळा लागेल असं त्याला वाटत नाही. म्हणून रात्री २ वाजता मोडनिंबजवळ "जमेल का?" असं ज्याला विचारायचं, तो माणूस उत्तर द्यायच्या स्थितीतच नसतो. निर्णय चावी फिरवण्याआधी, शुद्धीत असताना घ्यायचा असतो. तेव्हा न घेतलेल्या निर्णयाची जबाबदारी पहाटेच्या अपघातापर्यंत पोहोचते, "डोळा लागला हो" म्हणून ती संपत नाही. आषाढीला माळशिरस-वेळापूरकडून दिंड्या येत असतात, पहाटेच्या अंधारात दूधवाले निघालेले असतात. त्यांनी आपल्या धाडसाला संमती दिलेली नसते.

आणि ही जबाबदारी एकट्या ड्रायव्हरची तर मुळीच नाही. तुळजापूरच्या पार्किंगमध्ये दुपारी एक फेरी मारून बघा. क्रूझरचे चारही दरवाजे उघडे, पुढची सीट मागे पाडलेली, चेहऱ्यावर टॉवेल टाकून ड्रायव्हर पडलेला. गाडीतली मंडळी दर्शनाच्या रांगेत. त्याची त्या दिवसाची झोप तेवढीच असते, तीही उन्हात, तीही "चला, झालं दर्शन" असा फोन येईपर्यंत. भाडं ठरवताना किलोमीटर, टोल, जेवण, भत्ता यांवर घासाघीस होते, त्याने आदल्या रात्री कुठली फेरी केली हे कुणी विचारत नाही. वास्तविक प्रवासी आणि मालवाहू वाहनांच्या चालकांना दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास कामाची मर्यादा आहे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने ती घालून दिली होती आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने तिचाच आधार घेतला; २०२५ मध्ये त्या जुन्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, हेही १९६१ च्या कायद्यात होतं. चार देवस्थानांची एकदिवसीय फेरी या चौकटीत एका ड्रायव्हरवर बसतच नाही. दोन ड्रायव्हर घ्यायचे, नाहीतर अक्कलकोटला भक्तनिवासात मुक्काम करायचा आणि एक खोली त्याच्यासाठीही घ्यायची.

अर्ध्या वाटेतच डोळे जड झाले तर हॉर्न आणि रेनर यांनी तपासलेला एक तोडगा उपयोगी पडतो. उजेड आणि माणसांचा वावर असलेल्या ढाब्यावर किंवा पेट्रोल पंपावर गाडी लावायची. आधी कडक कॉफी घ्यायची, कारण टपरीवरच्या अर्ध्या कप चहात कॅफिन बेताचंच असतं. लगेच सीट मागे करून १५ मिनिटं पडायचं. कॅफिन अंगात भिनायला २०-३० मिनिटं लागतात, तेवढ्यात डुलकीने अ‍ॅडेनोसिन थोडं उतरलेलं असतं, आणि दोन्हींचा परिणाम एकत्र मिळतो. २० मिनिटांच्या पुढे झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि पुढचा पाव-अर्धा तास डोकं जड राहतं, त्या अवस्थेत चावी फिरवू नये. या तोडग्याने साधारण तासाभराची उसंत मिळते. इंदापूरला थांबलात तर तेवढ्यात मोहोळही गाठलं जाणार नाही, तिथून सोलापूर आणखी पुढे. तेव्हा इंदापूरला किंवा टेंभुर्णीलाच लॉजची खोली घ्यावी आणि घरी फोन करून सांगावं की सकाळी येतो.