तंत्रस्नेही वर्ग (ठाणे जिल्हा)

संगणक, प्रोजेक्टर, टीव्ही, टॅब किंवा शिक्षकाचा स्वतःचा मोबाइल वापरून जिथे शिकवणे आणि वर्गाचा कारभार दोन्ही चालतात, अशा प्राथमिक वर्गाला महाराष्ट्रात 'डिजिटल वर्ग' म्हणतात आणि तो चालवणाऱ्याला 'तंत्रस्नेही शिक्षक'. हा दुसरा शब्द सरकारी कागदांतून शिक्षकांच्या बोलण्यात उतरला. तो कधी कौतुकाने वापरतात, कधी कुचेष्टेने, कारण ज्याला एक्सेल येते त्याच्याच गळ्यात केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, सगळ्या शाळांची माहिती भरण्याचे काम पडते. ठाणे जिल्ह्यात तंत्रज्ञान वर्गात शिरले ते दोन वाटांनी, एक फळ्याची आणि दुसरी हजेरीची. पहिली बरीचशी शिक्षकांनी आणि गावकऱ्यांनी पाडली, दुसरी वरून आली.

फळ्याच्या वाटेवरचे सर्वांत परिचित नाव शहापूर तालुक्यातील पष्टेपाड्याचे. जिल्हा परिषदेच्या या छोट्या शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने लोकसहभागातून डिजिटल वर्ग उभा केला. तो पाहायला इतर जिल्ह्यांतून शिक्षक येऊ लागले आणि 'पष्टेपाडा पॅटर्न' हा शब्द रूढ झाला. 22 जून 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' शासन निर्णयानंतर अशा प्रयोगांना वेग आला. अर्थात भिंतीवर एक टीव्ही टांगला की शाळा 'डिजिटल' झाली, अशी मोजणीही सोबतच आली.

सुरुवातीचे वर्ग प्रोजेक्टरचे होते. प्रोजेक्टरला अंधार लागतो. खिडक्यांना चादरी लावल्या की चित्र दिसते, पण मुलांच्या वह्या दिसत नाहीत, आणि पंखा बंद असेल तर एप्रिलमध्ये तासभर बसवत नाही. म्हणून पुढे बऱ्याच ठिकाणी पेन ड्राइव्हवर चालणारा एलईडी टीव्ही आला, आणि पैसा असेल तिथे स्पर्शाने चालणारा मोठा पॅनल. अशा अनेक पॅनलच्या चौकटीत डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची जाळी असते. बोट मध्ये आले की किरण अडतो आणि ती जागा यंत्राला कळते. बोटच हवे असे नाही. ओढणीचे टोक, शर्टाची बाही, चौकटीवर बसलेला किडाही चालतो. फळ्यावर आपोआप रेघा उमटू लागल्या की पहिलीचा वर्ग जितका खूश होतो, तितका कोणत्याच पाठाने होत नाही.

कोणत्या पाठाला पडदा लागतो आणि कोणत्याला नाही, हे अनुभवी शिक्षक लवकर ओळखतात. हातच्याची बेरीज आइस्क्रीमच्या काड्यांच्या जुड्यांनीच नीट समजते. दहा काड्यांना रबर स्वतः लावल्याशिवाय दशक हातात येत नाही. परिसर अभ्यासाचे मात्र उलट आहे. उपग्रह नकाशावर आधी शाळेचे छप्पर, मग पाडा, मग भातसा धरण, मग उल्हास नदी आणि शेवटी ठाण्याची खाडी असे मागे मागे सरकत गेले, की कागदावरच्या नकाशात जिल्ह्याचा आकार पाठ करणाऱ्या मुलाला आपण त्यात कुठे राहतो हे पहिल्यांदा दिसते. बालभारतीच्या पुस्तकांत छापलेले क्यूआर कोड 5 सप्टेंबर 2017 रोजी सुरू झालेल्या 'दीक्षा' या ऑनलाइन शैक्षणिक साहित्याच्या सरकारी मंचावर नेतात. तिथले साहित्य आधी उतरवून ठेवता येते, त्यामुळे रेंज नसलेल्या पाड्यावरही ते चालते.

शहरी पट्ट्यात गरज निराळी असते. ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्ट्यालगत, दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत, महापालिकेच्या मराठी शाळांत घरी मराठी न बोलणारी मुले येतात. चित्र, शब्द आणि उच्चार एकत्र देणारी ध्वनिचित्रफीत त्यांना उपयोगी पडते. पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर लेखी सूचनेपेक्षा शिक्षिकेच्या आवाजातला निरोप अधिक पोचतो, कारण सूचना वाचणारे घरात कोणी असेलच असे नाही.

दुसरी वाट हजेरीची. 2015 मध्ये 'सरल' ही संगणकीय प्रणाली आली आणि प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद ऑनलाइन झाली. शाळेचा 11 अंकी यूडायस क्रमांक (देशभरात शाळेची ओळख सांगणारा), आधार, बदली, दाखला असे सगळे त्यात गुंफले गेले. संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार याचा हिशेब, ऑनलाइन पटावर ठरू लागला आणि पुढे आधार जुळलेल्या पटावर. शाळेच्या जनरल रजिस्टरात, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीत, 'वैष्णवी' आणि आधारवर 'वैश्नवी' असेल, तर वर्गात समोर बसलेली मुलगी संगणकाच्या लेखी नसते. त्यातच पोषण आहाराची रोजची माहिती. पहिली ते पाचवीसाठी दरडोई 100 ग्रॅम तांदूळ धरला जातो, म्हणून आज किती मुले जेवली हा आकडा भरावाच लागतो. 2023 च्या डिसेंबरपासून राज्यात हजेरीसाठी चॅटबॉटही आला. एकाच वर्गाची एकच हजेरी दोन-तीन ठिकाणी जाते आणि बहुधा शिक्षकाच्याच मोबाइलवरून, त्याच्याच रिचार्जवर.

शिक्षण हक्क कायद्याचे कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक काम शिक्षकांवर सोपवू देत नाही. ऑनलाइन माहिती भरणे या मनाईत बसते की नाही, हा शिक्षक संघटनांचा जुना वाद आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते, दोनशिक्षकी शाळेत एक जण माहिती भरत असताना दुसऱ्यासमोर चार इयत्ता बसलेल्या असतात, हे लक्षात घेतल्याशिवाय त्यावर बोलू नये.

2020 च्या टाळेबंदीत दोन्ही वाटांची मर्यादा उघडी पडली. जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही शैक्षणिक मालिका सुरू झाली, आणि शिक्षक व्हॉट्सअॅपवर स्वाध्याय पाठवत राहिले. पण घरात एकच स्मार्टफोन आणि तो सकाळी वडिलांबरोबर कामावर गेलेला, अशी घरे पाड्यांवर होती आणि शहरातल्या चाळींतही. वीटभट्टीवर स्थलांतरित झालेल्या कुटुंबांना तर फोन असला तरी चार्जिंगची पंचाईत. काही शिक्षक मग खडू घेऊन पाड्यावर गेले आणि ओट्यावर वर्ग भरवले.

वीज हा कायमचा प्रश्न. भातसा, तानसा आणि वैतरणेचे पाणी मुंबईला पुरवणाऱ्या शहापूर तालुक्यात पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा इन्व्हर्टर नसलेल्या शाळेत पॅनल हा काळ्या काचेचा फळा असतो, त्यावर खडूही चालत नाही. वीजबिल आणि दुरुस्ती यांची तरतूद यंत्राच्या किमतीत धरलेली नसते. लोकवर्गणी टीव्ही घेण्यासाठी जमते, त्याचा बोर्ड जळाल्यावर जमत नाही.

कागदी हजेरीपत्रक, ज्याला शाळांत 'कॅटलॉग' म्हणतात, अजून टेबलावर आहे. बरेच शिक्षक प्रार्थनेनंतर आधी ते भरतात आणि मग, रेंज मिळेल तिथे उभे राहून, मोबाइलवर.