मुठीच्या आतलं पोलाद

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये शहापूरकडे मित्राच्या शेतावर बांबू उभा चिरत होतो. सुरीच्या पाठीवर लाकडाचा दणका घातला आणि पातं मुठीपाशी तुटून चिखलात पडलं. दिसायला सुरी दणकट होती: दातेरी पाठ, पोकळ मूठ, मुठीत काड्या, गळ आणि होकायंत्र ठेवायची सोय. तुकडा हातात घेतल्यावर कळलं, की मुठीत शिरणारं शेपूट जेमतेम करंगळीच्या नखाएवढं रुंद होतं, आणि पातं जिथे एकदम अरुंद होत होतं तिथले दोन्ही कोपरे काटकोनात कापलेले होते.

घावाचा ताण धातूतून नदीसारखा वाहतो असं समजा. पात्र हळूहळू अरुंद झालं तर प्रवाह सावरतो. अचानक आवळलं तर सगळा जोर कोपऱ्यावर एकवटतो. तिथे केसाएवढी भेग पडते आणि घावागणिक पुढे सरकते. म्हणून रानात न्यायची सुरी घडीची नको. पातं आणि शेपूट एकाच पट्टीतलं, मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं हवं. दुकानात याला फुल टँग म्हणतात. मुठीच्या कडेने पोलादाची पट्टी दिसली की ओळखावं.

पोलादाचा गुण मात्र डोळ्यांना दिसत नाही. आपले लोहार ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून कोयता घडवतात आणि शेवटी त्याला पाणी देतात. सुरीचं सगळं भवितव्य या पाण्यात ठरतं. साधारण ८०० अंश सेल्सिअसला पोलाद लाल झालं की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बनचे अणू त्यांच्यामध्ये सामावतात. सावकाश गार केलं तर कार्बन त्यातून वेगळा होतो, पोलाद मऊ राहतं. एकदम तेलात किंवा पाण्यात बुडवलं तर कार्बनला निघायला वेळच मिळत नाही. तो अडकतो आणि भोवतीची मांडणी ताणून धरतो. ही रचना म्हणजे मार्टेन्साइट, जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून. अतिशय कठीण, पण काचेसारखी ठिसूळ. म्हणून लोहार पातं पुन्हा हलकेच तापवतो. सुमारे २२० अंशांना घासलेल्या पात्यावर वाळक्या गवताचा पिवळा रंग चढतो, ३०० च्या आसपास निळा. पिवळ्यावर थांबलं तर धार टिकते. निळ्यापर्यंत नेलं तर पातं चिवट होतं, पण धार लवकर जाते. दोन्ही गुण एकाच पात्यात पुरेपूर मिळत नाहीत. रानातल्या कामासाठी रॉकवेल मापावर ५६ ते ५९ कठीणपणा मला योग्य वाटतो. ६२ ची सुरी भाजीला उत्तम, बांबूच्या पेरावर तिच्या धारेचे कपचे उडतात.

स्टेनलेस की साधं कार्बन पोलाद? ठाण्याच्या खाडीवरचं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस पाहता नवख्याने स्टेनलेसच घ्यावं. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये सुमारे १३ टक्के क्रोमियमचं पोलाद बनवलं होतं. या क्रोमियमचा अदृश्य ऑक्साइड थर ओरखडा पडला तरी हवेत पुन्हा धरतो. खारट ओल मात्र त्यालाही बारीक खड्डे पाडते. चुंबक चिकटलं म्हणजे स्टेनलेस नाही, असं दुकानात ऐकू येतं. ते निकेल असलेल्या ताटवाट्यांपुरतं खरं, आणि ते पोलाद पाणी देऊन कठीण होतही नाही. सुरीच्या स्टेनलेसला चुंबक चिकटतंच.

१० ते १२ सेंटिमीटर पातं, ३-४ मिलिमीटर जाडी, धारेला प्रत्येक बाजूने २० अंश एवढं पुरतं. शिकारीच्या सुरीचं फुगीर पातं कातडी सोलण्यासाठी असतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंदी आहे, तेव्हा त्या आकाराचा मोह नको. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्रनियमांत येतं, घरकामाची आणि शेतीची अवजारं वगळून. येऊरच्या जंगलात, म्हणजे ठाण्यालगतच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, तर फांदीलाही सुरी लावू नये.

मी स्वतः कार्बन पोलाद वापरतो. पावसाळ्यात सुरी चामड्याच्या म्यानात ठेवत नाही, कारण चामडं ओल धरून बसतं. पुसायची, शिवणयंत्राच्या तेलाचं बोट फिरवायचं. नवी होती तेव्हा तिने भरपूर कैऱ्या चिरल्या. आंबटपणाने पात्यावर करडा-निळा थर चढला, तो तांबड्या गंजाला बऱ्यापैकी अडवतो. आईच्या जुन्या विळीचा रंग तोच आहे.