हातबनावटीचे चित्रपट-नेपथ्य

चित्रीकरणासाठी लागणारी दृश्यस्थळे आणि वस्तू तयार विकत किंवा भाड्याने न आणता, सुतारकाम, रंगकाम आणि साचेकाम यांच्या बळावर हाताशी असलेल्या स्वस्त सामानातून उभी करण्याची कला. उभारलेल्या दृश्यस्थळाला चित्रपटव्यवसायात ‘सेट’ म्हणतात आणि त्याच्या मांडणीला ‘सेटिंग’. पात्राच्या हातातली तलवार, देव्हाऱ्यातली समई, भिंतीवरचा आरसा अशा वस्तूंसाठी नाटकमंडळ्यांपासून चालत आलेला ‘प्रॉपर्टी’ हा शब्द रूढ आहे. भारतीय कथापटाच्या आरंभापासून ही कला त्याच्यासोबत आहे, आणि ती मुख्यतः पैशाच्या ओढगस्तीतून वाढली. तिचे आरंभीचे मोठे कारागीर मराठी मुलखातले होते.

दादासाहेब फाळके यांचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात झाले होते. चित्रकला आणि छायाचित्रण त्यांना येत होते. जादूचे प्रयोगही ते करीत. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) साठी त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या, दादरच्या एका बंगल्यात बिऱ्हाड आणि चित्रपटाचा कारखाना एकत्रच थाटला, आणि राजवाडा रंगवलेल्या पडद्यांनी व लाकडी खांबांनी उभा केला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई मंडळींचा स्वयंपाक सांभाळून चित्रीकरणाच्या वेळी पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत, म्हणजे उन्हाचा उजेड उलटून पात्रांच्या चेहऱ्यावर पडे. नेपथ्याच्या इतिहासात या चादरीची नोंद रंगवलेल्या महालाइतकीच ठळकपणे व्हायला हवी, कारण उजेड नीट पडला नाही तर रंगवलेला खांब सपाट फळीच दिसतो.

त्या काळी चित्रीकरण बहुतेक सूर्यप्रकाशावर चाले. त्यामुळे ‘महाल’ अंगणात, बिनछपराचा उभा राही आणि ऊन फार कडक झाले की वरून मांजरपाट ताणून ते मवाळ करीत. वारा सुटला की कापडावर रंगवलेली भिंत हलू लागे, आणि दगडी राजवाडा फडफडताना प्रेक्षकांना दिसे. दुसरी अडचण रंगांची होती. तेव्हाच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसत नसे, म्हणून शेंदरी वा लाल रंग पडद्यावर काळा उमटे आणि निळे आकाश पांढरे पडे. साहजिकच डोळ्याला सुंदर वाटणारी रंगसंगती कामाची नव्हती. प्रत्येक रंग करड्याच्या कोणत्या छटेत उतरेल याचा अंदाज बांधून रंगाऱ्याला कुंचला उचलावा लागे.

हा अंदाज कोल्हापुरात पक्का झाला. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मेस्त्री घराण्यातले भाऊ संगीत नाटकांचे पडदे रंगवण्यात नावाजलेले होते. परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता, तेव्हा त्यांनी तो स्वतःच बनवण्याचे मनावर घेतले. १९१६ मध्ये आनंदराव वारले. पुढे बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या मदतीने कॅमेरा पुरा केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. पडदे रंगवण्यात हयात घालवलेल्या या माणसानेच पडद्याचा मोह सोडला, ही गोष्ट मोठी आहे. रंगवलेल्या खांबाऐवजी गोल खांब, रंगवलेल्या दाराऐवजी उघडणारे दार असे खोली असलेले नेपथ्य त्यांनी आणले, आणि पात्रांचे वेश व दृश्यांची मांडणी आधी कागदावर रेखाटण्याची शिस्त लावली. ‘सिंहगड’ (१९२३) साठी कृत्रिम प्रकाशाचा वापर झाल्यावर तर सावलीही रंगवायची गरज उरली नाही. याच कंपनीत तयार झालेले दामले आणि फत्तेलाल १९२९ मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रभात’ या चित्रपट कंपनीचे आधारस्तंभ ठरले. ‘प्रभात’ची भव्यता आज डोळ्यांत भरते, पण तिच्या मागे चित्रकार, सुतार आणि साचे करणारे यांनी एका आवारात मिळून केलेले हातकामच होते. ‘संत तुकाराम’ (१९३६) मधले वैकुंठाला जाणारे विमान याच परंपरेतले आहे.

कामाची रीत दगडी भिंतीच्या उदाहरणावरून नीट कळते. लाकडी रिपांची आठ फूट बाय चार फुटांची चौकट ठोकून तिच्यावर गोणपाट ताणून बसवतात. या तुकड्याला ‘फ्लॅट’ म्हणतात. गोणपाटावर सरस मिसळलेल्या खडूच्या भुकटीचा किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर देतात आणि तो ओला असतानाच काडीने दगडांचे सांधे कोरतात. वाळल्यावर आधी काळसर पातळ रंग सोडतात, तो फटींत उतरतो. मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट करडा रंग वरच्यावर ओढला की दगडांच्या कडा उठून दिसतात. शेवटी माथ्यावरून गढूळ पाण्याचे ओघळ सोडतात. हे ओघळ सोडायचे राहून गेले तर भिंत कालच बांधल्यासारखी वाटते. नवशिक्याचे काम बहुधा इथेच ओळखू येते. दोन फ्लॅटांमधला सांधा खळीने चिकटवलेल्या कापडी पट्टीने बुजवतात आणि मागून तिरपे टेकू देऊन त्यांच्या पायाशी वाळूची पोती ठेवतात.

खर्च वाचतो तो मात्र सामानापेक्षा आखणीत. कॅमेरा कुठे राहणार आणि त्याच्या चौकटीत काय येणार हे आधी ठरवून जमिनीवर खडूने हद्द आखली, तर चार भिंतींच्या खोलीचे काम दोन भिंतींत आणि एका खिडकीत भागते. लांबलचक ओवरी हवी असेल तर मागचे खांब क्रमाने बुटके आणि जवळजवळ लावतात. वीस फुटांची जागा पडद्यावर कितीतरी खोल दिसते, फक्त मागच्या बुटक्या खांबाशेजारी मोठ्या माणसाला उभे करून चालत नाही.

प्रॉपर्टीत कागदाच्या लगद्याचा मान मोठा आहे. रद्दी भिजवून, कुटून, त्यात मेथ्यांचे वाटण घालून घरोघरी टोपल्या लिंपल्या जात. त्याच लगद्यातून मुखवटे, गदा आणि मूर्ती होतात. शाडूच्या साच्यावर लगदा थापून वाळवतात, सरसाचा हात देतात आणि वरून रंग चढवतात. मुकुटासाठी पुठ्ठा कापून त्यावर जाड दोरा नक्षीसारखा चिकटवतात व सगळ्यावर बेगड दाबून बसवतात. दोऱ्याचा उठाव बेगडातून वर येतो आणि घडीव सोन्याचा भास होतो. गणपतीचे मखर आणि मूर्ती करणाऱ्या हातांना हे काम परके नाही. पोकळ गदेला वजन नसते, म्हणून ती उचलताना खांदा झुकवण्याची जबाबदारी नटावर पडते.

बोलपट आल्यावर या हलक्या जगाची नवी परीक्षा झाली. मराठी बोलपटांची सुरुवात करणाऱ्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) पासून फळ्यांच्या चौथऱ्यावरची धपधप आणि पोकळ भिंतींतला घुमारा हे नेपथ्यकाराचेही प्रश्न झाले. चौथऱ्याखाली भुशाची पोती भरणे आणि कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूंना घोंगड्या टांगणे हे उपाय आजही कमी खर्चाच्या चित्रीकरणात करतात.

थर्माकोल आल्यावर कोरीवकाम झटपट होऊ लागले, पण ते भरभर पेटते आणि त्याचे वितळलेले थेंब अंगावर पडतात. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंधने आल्यापासून पुठ्ठा, बांबू आणि कापड यांकडे पुन्हा लक्ष गेले आहे. पुण्यात ‘प्रभात’च्या जागेवर १९६० मध्ये सुरू झालेल्या शासकीय चित्रपट संस्थेत कलादिग्दर्शनाचे रीतसर शिक्षण मिळते. लघुपट करणारी बरीच तरुण मंडळी मात्र हे काम एकांकिकांच्या तालमींत, एकमेकांच्या हाताखाली शिकतात.

मूक काळातले सेट पाहायला मिळत नाहीत, कारण ते जपण्यासाठी केलेच जात नसत. चित्रीकरण संपले की फ्लॅट उतरवायचे, खिळे ठोकून सरळ करायचे, गोणपाट झटकायचे, आणि जुन्या रंगावर नवा थर देऊन त्याच चौकटीतून पुढच्या कथेचे देऊळ किंवा तुरुंग उभा करायचा, हीच रीत होती.