तंबाखू नाही, दारू नाही, तरी घशाचा कॅन्सर?

दाढी करताना मानेवरून हात फिरतो आणि जबड्याच्या खाली एक गाठ हाताला लागते, दुखत नाही, ताप नाही, गिळायला त्रास नाही, मग माणूस अँटिबायोटिकचा एक कोर्स घेतो आणि सोडून देतो. घशाच्या एका विशिष्ट कॅन्सरमध्ये बऱ्याचदा पहिलं लक्षण हेच असतं, आणि पेशंटने आयुष्यात कधी सिगरेट ओढलेली नसते त्यामुळे शंकाच येत नाही. कारण असतो एचपीव्ही, म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस.

हा व्हायरस बहुतेकांना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमुळे माहीत असतो, तो संबंध शोधणाऱ्या हॅराल्ड झुर हाउसेन यांना २००८ मध्ये नोबेलही मिळालं. घशाचं लक्षात यायला जास्त वेळ लागला. २००० साली संशोधक मॉरा गिलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टॉन्सिलच्या आसपासचे एचपीव्हीवाले कॅन्सर हा वेगळाच आजार आहे असं दाखवलं, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनेही ते मान्य केलं. एचपीव्हीचे २०० च्या वर प्रकार आहेत पण घशात जवळजवळ सगळा उद्योग १६ नंबरचा.

इथे एक गल्लत फार होते. गाल, हिरडी, जिभेचा पुढचा भाग, इथल्या कॅन्सरमध्ये एचपीव्हीचा वाटा कमी, तिथे मुख्य गुन्हेगार तंबाखू आणि दारूच. एचपीव्हीची जागा म्हणजे टॉन्सिल आणि जिभेचं मूळ. तिथेच का, तर टॉन्सिलचा पृष्ठभाग सपाट नसतो, त्यात खोल खोल खाचा असतात आणि त्या खाचांमधलं अस्तर मुद्दाम विरळ असतं, आतल्या रोगप्रतिकारक पेशींना बाहेरचे जंतू तपासता यावेत म्हणून. एचपीव्हीला अस्तराच्या सगळ्यात खालच्या थरातल्या पेशी हव्या असतात, इतर ठिकाणी तिथवर पोचायला बारीकशी जखम लागते, इथे वाट जवळपास उघडीच.

पेशीत शिरल्यावर ई६ आणि ई७ ही व्हायरसची दोन प्रोटीन्स काम बिघडवतात. ई६ हे पी५३ ला नष्ट करवतं आणि ई७ हे आरबी प्रोटीनला निकामी करतं, म्हणजे पेशीच्या वाढीचे दोन्ही ब्रेक गेले. आरबी गेलं की पेशी पी१६ नावाचं प्रोटीन भरमसाठ बनवायला लागते, आणि डॉक्टर नेमकं तेच शोधतात. बायोप्सीचा पातळ काप रंगवून मायक्रोस्कोपखाली बघायचा, ७० टक्के किंवा जास्त पेशी ठळक तपकिरी दिसल्या तर पी१६ पॉझिटिव्ह, म्हणजे मागे एचपीव्ही असण्याची दाट शक्यता.

व्हायरस तोंडात पोचतो तो मुख्यतः ओरल सेक्समधून, हे स्पष्ट बोललेलं बरं. पण बहुतेकांचं इन्फेक्शन एक-दोन वर्षांत आपोआप जातं, थोड्यांचंच टिकतं, आणि कॅन्सर व्हायला पुढे कित्येक वर्षं, अगदी दशकं लागतात. त्यामुळे निदान झाल्यावर जोडीदारावर संशय घेणं हा शुद्ध अन्याय आहे, इन्फेक्शन लग्नाच्या आधीचंही असू शकतं.

यात खरंच दिलासा देणारी गोष्ट म्हणजे हा कॅन्सर उपचारांना चांगला प्रतिसाद देतो. २०१० मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात तीन वर्षांनी एचपीव्ही पॉझिटिव्ह पेशंटपैकी सुमारे ८२ टक्के हयात होते, निगेटिव्हमध्ये ५७ टक्के. सिगरेट ओढणाऱ्यांना मात्र हा फायदा कमी मिळतो. मग उपचार थोडे सौम्य करून चालतील का, कारण रेडिएशननंतर तोंड कोरडं पडणं, गिळता न येणं हे पेशंट वर्षानुवर्षं सोसतात. म्हणून रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन या नेहमीच्या केमोच्या औषधाच्या जागी सेटुक्सिमॅब हे दुसरं औषध देऊन बघितलं, पण त्यात जगण्याचं प्रमाणच घटलं. म्हणजे घाई करून चालणार नाही, ट्रायल्स अजून चालू आहेत.

गर्भाशयमुखासाठी पॅप टेस्ट आहे तशी घशासाठी रूटीन तपासणी नाही, सुरुवातीचा बदल त्या खाचांमध्येच लपलेला असतो. म्हणून दोन-तीन आठवड्यांत न गेलेली मानेची गाठ कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवायची, दुखत नसली तरी, किंबहुना दुखत नसली तर जास्तच. आणि लस आहे. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०२० मध्ये एचपीव्हीच्या नऊ प्रकारांवरच्या लसीच्या उपयोगांमध्ये डोकं आणि मानेचे कॅन्सर टाळणं हेही जोडलं. आधी झालेलं इन्फेक्शन लस घालवत नाही म्हणून ती लहान वयात, ९ ते १४ च्या दरम्यान घेतलेली उत्तम, आणि फक्त मुलींनीच का, घशाचा हा कॅन्सर तर पुरुषांमध्ये बायकांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो.