डाएट कोला घ्यायचा, पण कशासोबत?

भात सुटला, पोळ्या तीनावरून एकीवर आल्या, चहातली साखर बंद झाली. कमी कर्बोदकांचा आहार सुरू केलेल्या माणसाला पहिल्या पंधरवड्यात सगळ्यात जास्त छळते ती गोडाची तलफ. मग कधीतरी दुकानातल्या फ्रिजमधल्या ‘झिरो शुगर’ बाटलीकडे नजर जाते आणि डॉक्टरांना, जिममधल्या ट्रेनरला, व्हॉट्सॲपवरच्या ग्रुपला एकच प्रश्न विचारला जातो: हे चालेल का?

नुसता कर्बोदकांचा हिशेब मांडला तर चालतं. साध्या कोलात १०० मिलिलिटरमागे साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत २६ ग्रॅमच्या आसपास, पाच चमच्यांहून जास्त. काटेकोर कीटो आहारात, म्हणजे कर्बोदकं अगदी कमी करून शरीराला चरबी जाळायला लावणाऱ्या आहारात, दिवसभराची मिळून २० ते ५० ग्रॅम कर्बोदकं खायची मुभा असते, त्यामुळे ही एक बाटली दिवसाचा कोटा जवळजवळ खाऊन टाकते. झिरो कोलात साखर नाही. त्यातलं ॲस्पार्टेम तसं ग्रॅममागे ४ कॅलरी देतं, पण ते साखरेच्या सुमारे २०० पट गोड असल्याने एका कॅनला त्याचे फार तर दोन-तीनशे मिलिग्रॅम पुरतात. त्यातून जेमतेम एक कॅलरी मिळते.

लेबल मात्र नीट वाचायला हवं. ‘डाएट’ किंवा ‘झिरो’ लिहिलेलं पेय वेगळं आणि ‘लेस शुगर’ लिहिलेलं वेगळं. दुसऱ्या प्रकारात साखर आणि स्वीटनर दोन्ही असू शकतात. ‘नो ॲडेड शुगर’ लिहिलेल्या फळांच्या रसात वरून साखर घातलेली नसते, पण फळाची स्वतःची साखर पुरेपूर असते. घटकांच्या यादीत ९५० म्हणजे ॲसिसल्फेम-के, ९५१ म्हणजे ॲस्पार्टेम, ९५५ म्हणजे सुक्रालोज. एवढे तीन आकडे लक्षात राहिले तरी पुष्कळ. चहात टाकायच्या स्वीटनरच्या पुड्यांचं गणित आणखी निराळं आहे. स्वीटनर इतकं कमी लागतं की नुसतं भरलं तर पुडीत काही दिसणारच नाही, म्हणून ती भरायला डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन घालतात, आणि ही दोन्ही कर्बोदकंच. दिवसातून सहा कप चहा पिणाऱ्याने पुडीमागचा मजकूर भिंग लावून वाचावा.

ही कृत्रिम स्वीटनर सापडली ती वजन कमी करायच्या शोधातून नव्हे. १८७९ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कोळशाच्या डांबरातल्या रसायनांवर काम करणाऱ्या कॉन्स्टन्टिन फालबर्गला जेवताना आपला हात गोड लागला. ते सॅकरिन. १९६५ मध्ये पोटातल्या अल्सरवर औषध शोधणाऱ्या जेम्स श्लाटरने बोट चाटलं आणि ॲस्पार्टेम मिळालं. सुक्रालोजच्या कथेतलं आडनाव तर आपल्या ओळखीचं आहे. १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस हे तरुण संशोधक लेस्ली हाऊ यांच्याबरोबर साखरेच्या रेणूत क्लोरीन बसवून पाहत होते. नव्या संयुगाची चाचणी (test) करायला सांगितलेली सूचना त्यांनी ‘चव घे’ (taste) अशी ऐकली आणि खरोखरच ते जिभेवर ठेवलं. निघालं ते साखरेच्या सुमारे ६०० पट गोड.

फडणीसांचं हे संयुग मला या सगळ्यात विशेष वाटतं, कारण ते थेट साखरेपासूनच बनतं. साखरेच्या रेणूतले तीन हायड्रॉक्सिल गट काढून तिथे क्लोरीनचे तीन अणू बसवले की जिभेवरचे ग्राहक आणखी जोरात उत्तेजित होतात, पण आतड्यातल्या ज्या विकरांचं (एन्झाइमांचं) काम साखर तोडणं आहे त्यांना हा रेणू तुटत नाही. त्याचा बहुतांश भाग शोषला न जाता मलावाटे बाहेर पडतो. ॲसिसल्फेम-के रक्तात शोषलं जातं, पण कुठलाही बदल न होता लघवीतून निघून जातं. ॲस्पार्टेम मात्र पचतं. त्यातून फिनाइलॲलनिन आणि ॲस्पार्टिक आम्ल ही दोन अमिनो आम्लं आणि थोडं मिथेनॉल सुटं होतं. मिथेनॉल म्हटल्यावर दचकायला होतं, पण तेवढ्याच टोमॅटोच्या रसातून त्याहून जास्त मिथेनॉल पोटात जातं. फिनाइलकीटोन्युरिया हा दुर्मीळ जन्मजात आजार असलेल्यांना मात्र फिनाइलॲलनिन खरोखरच घातक असतं. लेबलवरची त्याबद्दलची सूचना त्यांच्यासाठी आहे.

तिघांपैकी एकातूनही ग्लुकोज तयार होत नाही. म्हणून नुसता डाएट कोला प्यायल्याने रक्तातली साखर चढत नाही आणि शरीर कीटोसिसमध्ये, म्हणजे साखरेऐवजी चरबी जाळण्याच्या अवस्थेत, असेल तर ते त्यातून बाहेर पडत नाही. नुसत्या गोड चवीनेच इन्सुलिन स्रवतं, असं पुष्कळ जण ठासून सांगतात. असा प्रतिसाद काही प्रयोगांत किंचित दिसतो, काहींत दिसतच नाही. त्या भीतीने बाटली टाकून द्यावी इतका तो मोठा नक्कीच नाही.

मग प्रश्न मिटला का? नाही. आणि माझ्या मते खरा विचार इथून पुढे सुरू होतो.

अमेरिकेत येल विद्यापीठात डाना स्मॉल यांच्या गटाने २०२० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ निरोगी प्रौढांना दोन आठवड्यांत सात पेयं प्यायला दिली. काहींच्या पेयात फक्त सुक्रालोज, काहींच्या पेयात साखर, आणि तिसऱ्या गटाच्या पेयात सुक्रालोज अधिक माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे चवीला जवळजवळ न जाणवणारं कर्बोदक. नुसतं सुक्रालोज घेणाऱ्यांच्या शरीरावर काही फरक दिसला नाही. दोन्ही एकत्र घेणाऱ्यांची इन्सुलिन संवेदनशीलता, म्हणजे इन्सुलिनला दाद देण्याची शरीराची क्षमता, मात्र घटली. फक्त माल्टोडेक्स्ट्रिन देऊन पाहिलं, तर त्यानेही तसं झालं नाही. बिघाड जोडीने होत होता.

त्याआधी २०१३ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात १७ स्थूल व्यक्तींना ग्लुकोज देण्याआधी एकदा पाणी आणि एकदा सुक्रालोज दिलं गेलं होतं. सुक्रालोजनंतर तेवढ्याच ग्लुकोजला शरीराने सुमारे २० टक्के जास्त इन्सुलिन सोडलं. २०२२ मध्ये इस्राएलमधल्या संशोधकांनी १२० जणांना दोन आठवडे वेगवेगळी स्वीटनर दिली, तेव्हा सॅकरिन आणि सुक्रालोज घेणाऱ्यांचा ग्लुकोजला मिळणारा प्रतिसाद बिघडला आणि आतड्यातल्या जिवाणूंची घडणही बदलली. तिथेही स्वीटनर ग्लुकोज भरलेल्या पुड्यांतून दिलेलं होतं. त्यातही माणसामाणसांत मोठा फरक होता. एकाला ज्याने काही झालं नाही, त्याने दुसऱ्याची साखर हलली.

हे प्रयोग लहान आहेत, थोड्या दिवसांचे आहेत, आणि त्यावरून कायमचा निकाल देता येत नाही. पण तिन्हींत कृत्रिम गोडी आणि ग्लुकोज किंवा पिष्ट यांची गाठ पडलेली आहे, आणि ही गोष्ट आपल्यासाठी फार महत्त्वाची आहे. जो माणूस खरोखरच अंडी, पनीर, मासे, भाज्या आणि शेंगदाणे खाऊन दिवस काढतो, त्याच्या पोटात झिरो कोलाच्या जोडीला पिष्ट जवळजवळ नसतंच. आपल्याकडे ही बाटली उघडली जाते ती बिर्याणीबरोबर, वडापावबरोबर, पिझ्झाबरोबर. भारतीयांच्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी ‘इंडियाब’ पाहणीत दिसलेलं आहे. सोमवार ते शुक्रवार लो-कार्ब आणि शनिवारी हॉटेलात ‘जेवण हेवी झालंय, निदान कोला तरी डाएट घेऊ’ हा जो हिशेब लोक करतात, तो मला या सगळ्यात सर्वांत कच्चा वाटतो. साखर वाचली हे खरं. पण ताटातल्या भाताचं, मैद्याचं काय झालं, याचं उत्तर बाटलीजवळ नाही.

वजनाच्या बाबतीत चित्र संमिश्र आहे. साखरेची पेयं सोडून डाएट पेयांवर येणाऱ्यांना नियंत्रित चाचण्यांत थोडा फायदा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आढाव्यात स्वीटनर वापरणाऱ्यांचा एकूण फायदा सरासरी ०.७१ किलो भरला. पाण्याशी तुलना केली की निकाल फिरतो. अमेरिकेतल्या एका वर्षभराच्या चाचणीत डाएट पेय पिणाऱ्यांचं वजन पाणी पिणाऱ्यांपेक्षा जास्त उतरलं, पण तिला शीतपेय उत्पादकांच्या संघटनेचा पैसा होता. तेहरानमध्ये स्थूल स्त्रियांवर २४ आठवडे झालेल्या चाचणीत उलट दिसलं: जेवणानंतर डाएट पेयाऐवजी पाणी पिणाऱ्या स्त्रियांचं वजन सुमारे एक किलोने जास्त कमी झालं. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी स्वीटनर वापरू नयेत असा सल्ला दिला. तो सल्ला आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता, हे सांगायचं बातम्यांत बऱ्याचदा राहून गेलं.

कर्करोगाची भीतीही त्याच वर्षीची. जुलै २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्पार्टेमला ‘२ बी’, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’, या गटात टाकलं. या गटाचा अर्थ पुरावा मर्यादित आहे, एवढाच. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. किती प्रमाण सुरक्षित, हे ठरवणाऱ्या तज्ज्ञ समितीने त्याच वेळी जुनी मर्यादा कायम ठेवली: शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ४० मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला रोज ९ ते १४ कॅनपेक्षा जास्त प्यावे लागतील. २० किलोच्या मुलासाठी मात्र ही संख्या तीन-चारवर येते. भारतात अशा बाटल्यांवर मुलांसाठी शिफारस नसल्याची सूचना असते. ती बारीक अक्षरात असली तरी पालकांनी मनावर घ्यावी.

साखर काढली म्हणून बाटलीतलं बाकीचं काही जात नाही. कोलात फॉस्फोरिक आम्ल असतं आणि पेयाचा सामू (पीएच, जितका कमी तितकं पेय जास्त आम्ल) अडीच ते तीनच्या घरात असतो. दातावरचं एनॅमल साडेपाचच्या खाली विरघळू लागतं. घोट घोट करत दुपारभर बाटली पुरवणाऱ्यांचे दात त्यामुळे सतत आम्लात राहतात. प्यायचंच असेल तर एका बैठकीत प्यावं, लगेच ब्रश घासू नये, साध्या पाण्याने चूळ भरावी.

कीटोच्या पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं, गळून गेल्यासारखं वाटतं आणि डाएट कोला प्यायल्यावर बरं वाटतं, असं अनेकांना जाणवतं. त्यात कॅफिनचा हात मोठा असतो. मूळ कारण बहुधा वेगळं असतं. कर्बोदकं कमी झाली की इन्सुलिन उतरतं, मूत्रपिंडं सोडियम बाहेर टाकू लागतात आणि त्यामागोमाग पाणीही जातं. यकृत आणि स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या ग्लुकोजचा, साठा संपताना त्याच्याबरोबर साठलेलं पाणीही बाहेर पडतं. अशा वेळी मीठ घातलेलं पातळ ताक किंवा खारा लिंबू सोडा जास्त कामाचा. कोकणातल्या वाचकांकडे तर आगळ आहे. कोकमाचा हा खारवलेला रस थंड पाण्यात घातला की आंबट-खारट, साखरेवाचूनचं पेय तयार. अमृत कोकम मात्र साखरेच्या पाकात मुरलेलं असतं, ते या आहारात बसत नाही. रक्तदाबासाठी ज्यांना मीठ कमी करायला सांगितलंय त्यांनी हे सगळं डॉक्टरांना विचारूनच करावं.

औषधं चालू असलेल्या मधुमेहींनी आणखी जपायला हवं. २०२३ च्या इंडियाब अहवालानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. त्यांच्यापैकी जे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात, त्यांनी कर्बोदकं कमी केली आणि औषधाचा डोस तसाच राहिला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं. तेव्हा लगेच १५ ग्रॅम साखर पोटात जायला हवी: साखरेचे तीन चमचे पाण्यात विरघळवून, किंवा साधा कोला अर्धा पेला, सुमारे १५० मिलिलिटर. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, साखर अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढीच द्यायची. माणूस गिळू शकत नसेल तर तोंडात काही न घालता थेट रुग्णालयात न्यायचं. अशा वेळी घाईत हाती आलेली डाएट कोलाची बाटली अजिबात उपयोगाची नाही. तीही गोड लागते, पण तिच्यात ग्लुकोज नसतं. ज्या घरात दोन्ही प्रकारच्या बाटल्या एकाच फ्रिजमध्ये असतात, तिथल्या प्रत्येकाला यातली कोणती कधी द्यायची ते आधीच सांगून ठेवलेलं असावं.