ॲन अनअर्थली चाइल्ड (निर्मिती)

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकाल्पनिक मालिकेचा पहिला भाग. बीबीसी दूरचित्रवाणीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी प्रथम प्रसारित. निर्माती व्हेरिटी लँबर्ट, दिग्दर्शक वारिस हुसेन. हुसेन यांचा जन्म लखनौचा. लेखिका अतिया हुसेन या त्यांच्या आई. चित्रीकरणाच्या वेळी ते २४ वर्षांचे, तर लँबर्ट २७ वर्षांच्या होत्या. संहिता अँथनी कोबर्न यांची असली, तरी सी. ई. वेबर यांच्या आधीच्या मसुद्याचा तिला आधार आहे.

हा भाग दोनदा चित्रित झाला. लंडनच्या लाइम ग्रोव्ह येथील ‘डी’ स्टुडिओत २७ सप्टेंबर १९६३ रोजी पहिली चित्रफीत तयार झाली. टार्डिस या कालयानाचे दार त्या दिवशी नीट मिटेना. दृश्य चालू असतानाच ते आपटत राहिले. फीत कापून जोडणे तेव्हा खर्चाचे असल्याने दृश्ये शक्यतो सलग घेतली जात, त्यामुळे अशी चूक फितीत तशीच राही. नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांना ही फीत पसंत पडली नाही. त्यांनी सगळे पुन्हा करायला सांगितले आणि १८ ऑक्टोबरला दुसरे चित्रीकरण झाले. नव्या फितीत नायक असलेल्या डॉक्टरचा तुसडेपणा कमी केला. ‘एकोणपन्नासाव्या शतकात जन्मले’ हे डॉक्टरच्या नातीचे, सुझनचे, वाक्य काढून त्या जागी दुसऱ्या काळाचा, दुसऱ्या जगाचा मोघम उल्लेख आला. हा बदल दूरदर्शीपणाचा ठरला असे म्हणावे लागते, कारण पुढील लेखकांचे हात त्यामुळे मोकळे राहिले. नाकारलेली फीत १९९१ मध्ये प्रसारित झाली.

यानाच्या आवाजाची कृती तपशिलाने नोंदवण्याजोगी आहे. बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनिनिर्मिती विभागातील ब्रायन हॉजसन यांनी एका मोडीत निघालेल्या पियानोच्या खर्जातील तारेवर आपल्या आईच्या घराची किल्ली घासली. ती खरवड ध्वनिफितीवर घेऊन तिचा वेग बदलला, काही अंश उलटा वाजवला आणि वर प्रतिध्वनी चढवला. शीर्षकसंगीताची रचना रॉन ग्रेनर यांची. परंतु ती प्रत्यक्ष ध्वनिरूपात आणली डेलिया डर्बिशायर यांनी, डिक मिल्स यांच्या साहाय्याने. एका छेडलेल्या तारेचा आवाज आणि आंदोलकांचे (ऑसिलेटरचे) सूर फितीवर घेऊन, हव्या त्या लांबीचे तुकडे कापून ते एकामागून एक चिकटवण्यात आले. सिंथेसायझर त्यात नाही. ग्रेनर यांनी श्रेयाचा वाटा डर्बिशायर यांना देऊ केला होता. संस्थेच्या धोरणात ते बसले नाही. पडद्यावर डर्बिशायर यांचे नाव आले ते २०१३ मध्ये, त्यांच्या निधनानंतर. शीर्षकातील वितळत्या आकृत्या बर्नार्ड लॉज यांच्या. कॅमेरा स्वतःचेच चित्र दाखवणाऱ्या पडद्याकडे रोखला की प्रतिमा आपल्यातच गुरफटत जाते, हे त्यांमागचे तत्त्व.

यान पोलिसांच्या निळ्या टेलिफोन-पेटीच्या (पोलिसांना फोन करण्यासाठी रस्त्यावर उभारलेल्या खोक्याच्या) रूपात असावे, ही कल्पना कोणाची याविषयी एकवाक्यता नाही. फिरायला गेले असता कोबर्न यांना अशी पेटी दिसली, हा वृत्तांत बहुधा ग्राह्य मानला जातो. यानाला एखाद्या नित्याच्या वस्तूचे रूप द्यावे, हा विचार मात्र वेबर यांच्या टिपणांतही आढळतो, त्यामुळे सगळे श्रेय एकट्या कोबर्न यांना देणे अवघड आहे. यानाचा अंतर्भाग आणि मधला षट्कोनी नियंत्रणमंच पीटर ब्राचाकी यांनी आखला.

केनेडी-हत्येच्या बातम्यांमुळे पहिले प्रसारण दहा मिनिटे लांबले, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. नियोजित वेळ सायंकाळी ५.१५ ची होती व भाग ५ वाजून १६ मिनिटे २० सेकंदांनी सुरू झाला. म्हणजे विलंब ८० सेकंदांचा. प्रेक्षक सु. ४४ लाख होते. आदल्या दिवशीच्या हत्येचे सावट आणि अनेक भागांत खंडित झालेला वीजपुरवठा यांमुळे ३० नोव्हेंबरला, दुसऱ्या भागाच्या आधी, हाच भाग पुन्हा दाखवण्यात आला. तेव्हा प्रेक्षकसंख्या सु. ६० लाखांवर गेली.