बरोबरीचे दान बचावाकडे: फाशांवरच्या लढाईची पार्श्वभूमी

वेरूळच्या १४ आणि २१ क्रमांकाच्या लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. त्या खेळात फासा फक्त घरे मोजायला. सोंगटी नेमक्या घरात पोचली की समोरची मेली. मारण्यासाठी वेगळे दान लागत नाही. लढाईचा निकालच फाशावर सोपवणे पुष्कळ नंतरचे. प्रशियाच्या लष्करी खेळात १८२४ पासून किती माणसे पडली हे फासा आणि तक्ता ठरवत. १८७० च्या दशकात तिथल्याच काहींनी फासे बाजूला ठेवून पंचाचा शब्द अंतिम मानला.

पुढे पटावरच्या युद्धखेळांत हल्ला आणि बचाव यांच्या बळाच्या प्रमाणाचा तक्ता आला: प्रमाणावरून रकाना निवडायचा, मग फाशाने त्यातला निकाल. अपूर्णांक बहुधा बचावाच्या बाजूने सोडतात: ५ विरुद्ध २ म्हणजे २ : १, सहावे बळ आणले तरच ३ : १ चा रकाना.

खरा घोळ १९५७ साली फ्रान्समध्ये निघालेल्या, प्रदेश जिंकत जाण्याच्या ‘रिस्क’ या पटखेळाचा. रूढ नियमात हल्लेखोर तीन, बचाव करणारा दोन फासे टाकतो, मोठ्याशी मोठा, दुसऱ्याशी दुसरा जुळवतात, जोडीत हरणाऱ्याचा एक मोहरा जातो आणि बरोबरी बचावाची. हा पक्षपात असल्याची तक्रार जुनीच आहे. दौलताबादचा किल्ला चढून पाहिलेल्याला तो पटावा. एकास एक फाशात ३६ पैकी १५ दाने हल्लेखोराची, २१ बचावाची, कारण बरोबरीची सहाही तिकडे जातात. तिसरा फासा मात्र पारडे फिरवतो. तीन विरुद्ध दोनमध्ये ७७७६ पैकी २८९० वेळा बचावाचे दोन मोहरे जातात, २२७५ वेळा हल्ल्याचे दोन, २६११ वेळा एकेक.

इथेच १९९७ च्या एका गणिती लेखात चूक झाली: दोन्ही जोड्या स्वतंत्र धरल्या. मोठी जोडी हल्लेखोर ४७.२ टक्के वेळा जिंकतो, दुसरी ६०.८ टक्के, नुसता गुणाकार केला तर दोन्ही जिंकण्याची शक्यता सुमारे २८.६ टक्के येते, प्रत्यक्षात ती ३७.२ आहे. फासे उतरत्या क्रमाने लावले की जोड्या एकमेकींत गुंततात. मोठा फासा लहान निघाला तर दुसरा त्याहून मोठा कसा असेल? २००३ मध्ये दुरुस्ती झाली आणि हल्ला वाटत होता त्याहून बराच फायद्याचा ठरला. मागे ठेवायचा एक मोहरा सोडून दोन्हीकडे पाच-पाच असले तरी हल्लेखोर किंचित पुढे (५०.६ टक्के), चार-चारला मागे.

तरीही ‘बचावच भारी’ हा समज टिकून आहे. बरेच जण थांबायचे तिथे थांबत नाहीत, हे त्याचे एक कारण. तीन फाशांसाठी प्रदेशात किमान चार मोहरे लागतात. तीनच उरले की दोन फासे, आणि समोरही दोन असतील तर दर फेरीला सरासरी १.२२ मोहरे हल्ल्याचे जातात, बचावाचे ०.७८. उलट बचाव करणाऱ्याने तीन फाशांसमोर एकच फासा टाकून ‘जपून’ खेळणे तोट्याचे: तो ६६ टक्के वेळा हरतो, तर दोन फाशांत प्रत्येक मोहऱ्यामागे नुकसान ५४ टक्क्यांवर येते.